केवळाबाईच्या बाजेखालची शेगडी

मित्रांनो, चुलीमागच्या कोपऱ्यात पालथी पडलेली, काठाचा टवका उडालेली मी एक मातीची शेगडी आहे. वय मात्र विचारू नका, म्हाताऱ्यांना ते आवडत नाही!

पूर्णा नदीकाठच्या मातीची मी लेक. चुडाव्याच्या कुंभाराने मला थापले, भाजले, आणि कासाबाईने सूपभर ज्वारी देऊन घरी आणले. घर मेंढरे राखणाऱ्यांचे. बाई बाळंत झाली की पहिला मान माझा. माझ्यात गोवऱ्यांचे निखारे भरायचे, वर ओवा टाकायचा आणि मला बाजेखाली सरकवायचे. तो ओव्याचा वास, ते तान्ह्याचे रडणे! काय दिवस होते ते! शेजारणीसुद्धा मला मागून नेत. "कासाबाईची शेगडी लय गुणाची हाय," असे त्या म्हणाल्या की मी फुगून जाई.

कासाबाईची सून केवळाबाई. तिची सगळी बाळंतपणे मीच शेकली. पण तिने एक दुखणे लपवून ठेवले होते. अंगाच्या झाकल्या जागेची कातडी वाढून लोंबत होती. मेंढरांमागे रानोमाळ हिंडताना ती घासे, सोलवटे, लघवीला आग होई. सांगणार कुणाला? ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. पारावर माणसे तावातावाने बोलत, आणि घरात केवळाबाई ओठ मिटून कामे उरकी. एकदा पाणी आणताना ती कळवळून खालीच बसली. तेव्हा तिचा नवरा ग्यानबा तिला परभणीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी वाढलेली कातडी काढून टाके घातले.

ती जीपमधून घरी आली, आणि कासाबाईला काय करू नि काय नको असे झाले. बाई बाजेवर पडली म्हणजे तिला शेकायचे, एवढेच तिला ठाऊक. तिने फुंकून फुंकून मला लालबुंद केले, मूठभर ओवा टाकला आणि बाजेकडे आणले.

"आत्या, नका ठिवू शेगडी."

"गप पड. शेकल्याबिगर टाके वाळतेत व्हय?"

केवळाबाईने आजवर सासूचा शब्द मोडला नव्हता. माझा जीव टांगणीला लागला. शेगडीला काही आपल्या मनाने विझता येत नाही.

"डाक्तरीणबाईनं सांगितलंय, आत्या. सूज हाय, धग लागली तर टाके उसवतील. गार पाण्याची घडी ठिवायची. धुऊन हलक्या हातानं टिपायचं. उकिडवं बसायचं न्हाई, घागर उचलायची न्हाई. टाके आपले आपण विरघळतेत. पण दीड महिना मेंढरामागं जायचं न्हाई. मला दुखायलंय, आत्या. कुठं दुखायलंय ते मलाच ठावं हाय."

कासाबाईने मला अंगणात नेऊन निखारे राखेत ओतले, आणि ओल्या फडक्याची घडी घेऊन सुनेजवळ बसली. घडी बदलता बदलता ती हळूच म्हणाली, "केवळे, मला बी तिथंच दुखतंय गं. ग्यानबा झाला तवापासनं."

"अगं बया! मग बोलला न्हाईत कधी?"

"कुणी इचारलं?"

सून बरी होऊन मेंढरांमागे जाऊ लागली, आणि पुढच्या बाजाराला दोघी सासूसुना एसटीने परभणीला डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

मित्रांनो, आता बाळंतपणे दवाखान्यात होतात, मला कुणी पेटवत नाही. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण तुमच्या घरात कुणी बाई ओठ मिटून वावरत असेल, तर घरच्या उपायाला धावण्याआधी तिला जवळ बसून विचारा. कासाबाईला कुणी विचारले, तोवर तिचे केस पांढरे झाले होते.