नकाशातली मोकळी जागा

गिरणीवाली आणि शिंपीण यांची जुंपली ती विटेच्या एका तुकड्यावरून. शाळेच्या अंगणात, झाडाच्या विरळ सावलीत बायका जमिनीवर गावाचा नकाशा मांडत होत्या. राखेचे रस्ते, भुशाची शेतं आणि विटेचा एकेक तुकडा म्हणजे एकेक घर. गिरणीवालीनं शिंपिणीचं घर थेट गटाराला नेऊन टेकवलं होतं.

"माझं घर गटारात घातलंस होय गं?"

"घातलं नाही, आहेच तिथं. पावसाळ्यात तुझ्या दारात बेडूक शिलाई शिकायला येतात, ते काय उगाच?"

"आणि तुझी गिरणी एवढी मोठी? अख्खी शाळा मावेल तिच्यात."

"आवाज धरून मोजली."

बायका खळाळून हसल्या. कॉलेजवाली ओठ दाबून वहीत टिपत राहिली. ती याच गावची लेक; शहरातल्या कॉलेजात समाजविकास शिकायला गेलेली इथली पहिली. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एका गावाचा अभ्यास करावा लागे, आणि तिनं हौसेनं स्वतःचंच गाव मागून घेतलं होतं. सोबत आलेल्या मॅडमनी वर्गात एक नियम तिच्या हाडीमांसी भिनवला होता: काठी गावाच्या हातात द्यायची. आपण रेघ ओढायची नाही, पुसायची नाही. लोक जे मांडतील तेच कागदावर उतरवायचं.

मग गिरणीवालीनं मूठभर राख घेतली आणि शाळेपासून ओढ्यापर्यंतचा रस्ता सोडायला सुरुवात केली. रेघ सरळ निघाली, मध्यावर आली आणि अचानक बाजूला झुकली. पाण्यानं खडकाला वळसा घालून जावं तशी एका रिकाम्या जागेभोवती फिरून ती पुन्हा आपल्या वाटेला लागली. खडक मात्र तिथं नव्हता. काहीच नव्हतं.

कॉलेजवालीची पेन्सिल थांबली. त्या वाटेनं ती हजारदा गेली होती, पण हे वळण तिनं कधी पाहिलं नव्हतं. पायांना ठाऊक असलेली गोष्ट डोळ्यांना इतकी वर्षं कुणी सांगितलीच नव्हती.

"इथं काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही," गिरणीवाली म्हणाली.

"मग रस्ता वळतो का?"

"रस्ता आहे मॅडम, वळणारच. सरळ जायला तो काय सुतळी आहे?"

या वेळी कुणी हसलं नाही. शिंपीण हातातल्या तुकड्याची धूळ पदरानं पुसत बसली. भर उन्हात अंगणावरून ढगाची सावली सरकावी तसं काहीतरी त्या बायकांवरून सरकून गेलं.

एवढ्यात पुढारी आला. गावाची कामं करून आणणारा, पन्नाशीला टेकलेला माणूस. बोलण्यात नेहमी घाई. नकाशाभोवती एक फेरी मारून तो त्या रिकाम्या जागेपाशी उभा राहिला.

"इथं मोकळी जागा म्हणून लिहा. सभागृह मंजूर झालंय, ते इथंच होणार. अर्जाला तुमच्या नकाशाची प्रत जोडायची आहे. कॉलेजचा शिक्का असला की वरचे लोक लवकर हलतात."

"सगळ्यांचं तेच म्हणणं आहे का?" मॅडमनी बायकांकडे पाहिलं.

बायका राखेकडे पाहत राहिल्या. होही नाही, नाहीही नाही.

"मग उद्यापर्यंत थांबू," मॅडम म्हणाल्या. निघताना त्या कॉलेजवालीला हळूच म्हणाल्या, "ज्या जागेला नाव नसतं तिथं बहुधा काहीतरी असतं. तू इथली आहेस. घरी विचारून बघ."

घरी विचारायचं म्हणजे वडिलांना. वडील पूर्वी यारी चालवत. विहीर खणताना तळातली दगडमाती टोपल्यांनी वर ओढणारं ते यंत्र. त्यावरून गाव त्यांना अजून यारीवाला म्हणे, जरी त्या लोखंडाला त्यांनी हात लावलेला लेकीनं जन्मात पाहिला नव्हता. आता ते सायकली दुरुस्त करत. ती घरी पोचली तेव्हा ते एका चाकाच्या तारा कसत बसले होते.

"बाबा, शाळा आणि ओढ्याच्या मध्ये वाट वळते, तिथं काय होतं?"

पाना थांबला. चाक मात्र आपल्या आपण फिरत राहिलं; वडिलांनी ते हातानं थांबवलं.

"विहीर."

"गावाची?"

"होणार होती. तू पोटात होतीस तेव्हाची गोष्ट. खणणारे बाहेरून आणलेले. चाळीस फुटांवर गेलो आणि अवेळी पाऊस आला. दोन दिवस कोसळला. उघडीप पडल्यावर ठेकेदार म्हणाला, उतरा. उतरले." वडील बोटांवरचं वंगण पुसत राहिले. "एका अंगानं दरड सुटली. गाव म्हणतं, दोघं होते, पण तिघं होते. तिसऱ्याला मीच खाली सोडला होता, पाण्याचा डबा देऊन. कुणी पाहिलं नाही."

बाहेर उन्हानं पत्रा तडतडत होता.

"हाका आल्या," वडील म्हणाले. "यारीवाले, यारीवाले, अशा. माझं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. मला त्यांची नव्हती. मी कडेला पालथा पडून होतो. माती सुटतच होती. जो उतरेल तो जाईल, असं सगळे म्हणाले. खरंच होतं ते. पण खरं असलं म्हणून झोप लागते असं नाही. तिसऱ्या दिवशी गावानं ठरवलं, बुजवा. पहिली टोपली मी ओतली."

"कुणी चौकशीला आलं नाही?"

"ठेकेदार पळाला. त्यांच्या माणसांना काय माहीत, कुठल्या गावात कामाला आहेत? कुणी विचारायला आलं नाही, म्हणून कुणी सांगायला गेलं नाही."

तिला वाटलं, आपण हे गाव मागून घ्यायला नको होतं. दुसऱ्या गावातली भुतं तिनं शांतपणे रकान्यात भरली असती, खाली टीप दिली असती. हे भूत मात्र तिच्यासमोर बसून गुडघ्यावर हात पुसत होतं, आणि त्याच हातांनी तिला चालायला शिकवलं होतं.

"मी हे मांडू शकत नाही, बाबा. तसा नियम आहे. मांडायचं तर गावातल्या कुणीतरी मांडायला हवं."

"आणि कुणी नाही मांडलं तर?"

"मोकळी जागा म्हणून जाईल. सभागृह होईल. पाया खणतील."

"किती खोल?"

"काय?"

"पाया." त्यांनी कारागिरासारखं विचारलं.

"असेल सहा-सात फूट."

वडिलांनी मनाशी हिशेब केला. "मग पोचणार नाहीत त्यांच्यापर्यंत," ते म्हणाले. "पण डोक्यावर नाचतील."

त्यांनी चाक पुन्हा मांडीत घेतलं.

दुसऱ्या सकाळी वारा सुटला होता. राखेचे रस्ते फिसकटले होते आणि बायका त्यांवर नवी राख ओढत होत्या. पुढारी खुर्ची टाकून बसला होता. यारीवाला शाळेच्या फाटकातून आत आला तेव्हा आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एकेक हात थांबला.

तो नकाशाच्या कडेनं, कुणाच्या घरावर पाय न देता, वाकून चालत आला. ढिगातून त्यानं विटेचे तीन तुकडे उचलले आणि वळणाच्या पोटात एकमेकांना लागून ठेवले.

"यारीवाले," पुढारी हलकेच म्हणाला, "कशाला उकरायचं आता? तुमच्याच गळ्याशी येईल."

"येऊ दे. गळ्यापर्यंत माती कशी येते, ते त्यांनी सोसलंय."

"दोघं होते ना पण?" शिंपिणीनं विचारलं.

"तिघं."

गिरणीवालीनं हातातली राख खाली सोडली.

"त्यातला एक शिट्टी वाजवायचा," ती म्हणाली. "दळण न्यायला यायचा, तेव्हा गिरणीच्या आवाजावर शिट्टी. मी म्हणायची, अरे गिरणीला तरी ऐकू येते का तुझी?"

"उंच होता तो?" शिंपीण म्हणाली. "एकाचा सदरा मी शिवायला घेतला होता. बाह्या लांब सांगितल्या होत्या. न्यायला आला नाही. अजून आहे पेटीत. टाकवत नाही."

दोघीही इतकी वर्षं शेजारी राहत होत्या, आणि हे त्या एकमेकींना प्रथमच सांगत होत्या.

कॉलेजवालीनं कागद पुढे ओढला. "मॅडम, खूण कोणती करू? बुजलेल्या विहिरीची?"

"मला विचारू नकोस," मॅडम म्हणाल्या. "त्यांना विचार."

तिनं वडिलांकडे पाहिलं.

"घराची कर," वडील म्हणाले. "माणसं आहेत तिथं."

तिनं चौकोन काढला. प्रत्येक घरामागे एक कुटुंबपत्रक भरावं लागे. तिनं कोरं पत्रक घेतलं आणि शिकवलं होतं तसं एकेक रकाना मोठ्यानं वाचू लागली.

"कुटुंबप्रमुखाचं नाव?"

"शिट्टीवाला लिही," गिरणीवाली म्हणाली. "दुसरं कुठून आणणार?"

"माणसं?"

"तीन."

"व्यवसाय?"

"विहिरी खणणं," वडिलांनी सांगितलं.

"गावात किती वर्षांपासून राहतात?"

बायका बोटं मोजू लागल्या. गिरणीवालीनं धाकट्या मुलाच्या जन्मापासून धरलं, शिंपिणीनं नव्या शिलाईयंत्रापासून. दोघींचा मेळ बसेना. वडील लेकीकडे पाहत तिच्या वयावरून ओठांतल्या ओठांत मोजत होते.

"बावीस," खुर्चीतून पुढारी म्हणाला. सगळे वळले. तो कुणाकडे पाहत नव्हता. "येत्या तेरा तारखेला तेवीस होतील."