हलक्या आवाजात

लेखिकेनं छापायला जाणाऱ्या प्रतीचं शेवटचं पान संपादकांच्या समोर फिरवून ठेवलं आणि लाल शाईनं खोडलेल्या शब्दावर बोट टेकवलं. शब्द होता ‘ओरडून’. त्याच्या डोक्यावर संपादकांच्या सुबक अक्षरात नवे शब्द बसले होते, ‘कापऱ्या, हलक्या आवाजात’.

"ही बाई अशी बोलत नाही," ती म्हणाली.

संपादक पुढे झुकले. लेखिकेचा आवाज इतका खालचा की तिच्याशी बोलताना सगळेच पुढे झुकत.

माणूस वाईट नव्हता. सारी हयात त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं घासूनपुसून लख्ख करण्यात घालवली होती, आणि आपला हात लागला की पुस्तक सुधारतं याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ते समजुतीनं सांगू लागले. पुस्तकभर तुमची ही आई खेकसते, गरजते, डबे आपटल्यासारखी बोलते, ते मी कसंबसं चालवून घेतलं. पण मुलगी कायमची घर सोडून निघाली आहे, गाडी सुटते आहे, आणि आई ‘सांभाळून जा’ हे ओरडून सांगते? वाचकाच्या डोळ्यांत यायचं पाणी तिथल्या तिथे आटेल.

लेखिकेला पुष्कळ सांगायचं होतं. पुस्तकातली आई काचेच्या बाटल्या धुण्याच्या कारखान्यात उभी राहून म्हातारी झाली होती. दिवसभर सरकत्या पट्ट्यावरून बाटलीवर बाटली आपटत जायची. तिथे हळू बोलणं म्हणजे न बोलणंच. मायेचं काही असलं तरी ते ओरडूनच सांगावं लागे. हे लेखिकेनं मनानं रचलं नव्हतं. तिची स्वतःची आई त्याच कारखान्यातून अर्धे कान गमावून घरी आली होती. पण पुस्तकातली आई काल्पनिक आहे असं ती सगळ्यांना सांगत आली होती, आणि आता ते बदलायचं कसं हे तिला सुचेना.

शिवाय तिची लिहिण्याची एक रीत होती. संवाद लिहून झाला की ती गच्चीच्या एका टोकाला उभी राही आणि दुसऱ्या टोकाला कपडे वाळत घालणाऱ्या आईला तो त्या त्या पात्राच्या आवाजात म्हणून दाखवी. एरवी तोंडातल्या तोंडात बोलणाऱ्या बाईचा आवाज काय तो तिथेच चढे. आईनं मान वर करून उत्तर दिलं तर वाक्य राहायचं, नाही तर काट. काल संध्याकाळी तिनं संपादकांची ओळही तशीच, कापऱ्या, हलक्या आवाजात म्हणून पाहिली. आई चिमटे लावत राहिली. मग हिच्याकडे लक्ष गेल्यावर म्हणाली, "काही म्हणालीस का? मला नुसते ओठ हललेले दिसले."

यातलं काहीच आत्ता तोंडातून बाहेर पडलं नाही. संपादकांनी घड्याळाकडे पाहिलं. आज पुस्तक छपाईला गेलं नाही तर त्याच्या जागी दुसरं लागेल, मग याची पाळी केव्हा येईल ते देव जाणे. पहिलंच पुस्तक होतं, आणि दारं ठोठावून तिचे हात दुखून आले होते. ती म्हणाली, बाकी कुठे हात लावू नका, शेवटची ओळ तुम्ही म्हणता तशी असू दे. संपादकांनी मोठ्या मनानं कबूल केलं. तिनं सही केली, आणि पेनाला टोपण लावताना तिला स्वतःचा राग आला.

कागदांचा गठ्ठा हातात घेऊनच संपादक तिला पोचवायला बाहेर आले. बाहेरच्या खोलीत प्रुफं तपासणारे खाली माना घालून बसले होते. भिंतीकडच्या बाकावर तिची आई मांडीवर पिशवी घेऊन थांबली होती. इथून दोघी आईचा चष्मा बदलायला जाणार होत्या.

"त्यांना जरा हळू बोला म्हटलं," प्रुफं तपासणारा एकजण म्हणाला. "लगेच ऐकलं बिचाऱ्यांनी."

आई उठली. आधी तिनं त्या माणसाकडे पाहिलं, मग लेकीच्या जवळ आली.

"झालं का काम?"

हा आवाज लेखिकेनं जन्मात ऐकला नव्हता. बारीक, बेतानं काढलेला, परक्या घरात पाणी मागावं तसा. वापरायची सवय नसल्यामुळे तो कापतही होता.

संपादकांचा चेहरा खुलला. "आई ना तुमच्या? बघा, आई अशी बोलते."

लेखिका आईकडे बघत राहिली. आईची नजर अजून त्या प्रुफं तपासणाऱ्यावर होती.

"आई, ऐकू आलं नाही."

आईनं आवाज जेमतेम चढवला.

"नाही आलं ऐकू. गच्चीवर बोलतेस तशी बोल."

आईनं तिला क्षणभर निरखलं. मग हातातली पिशवी बाकावर ठेवली.

"मी म्हटलं, झालं का काम? का अजून शिकवतायत तुला?"

खोलीतली सगळी पेनं थांबली. कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. प्रुफं तपासणाऱ्यानं ओठांवर बोट नेलं आणि तसंच खाली घेतलं.

"नाही झालं," लेखिका म्हणाली. सवयीनं पुढे झुकलेले संपादक चटकन मागे सरले. "शेवटचं पान द्या इकडे."

"अहो, सही झालीय तुमची. आज गेलं नाही तर..."

"तर नाही जाणार. द्या."

आई दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. या खेपेला तिला एकही शब्द पुन्हा विचारावा लागला नाही.