चेण्याच्या बसला पस्तीस माणसं

चेण्याच्या थांब्यावर नोटीस लागली. सोमवारी पावणेनऊच्या बसच्या प्रवाशांची मोजणी होईल. थांब्यावर जाताना पस्तीसपेक्षा कमी माणसं चढली किंवा परतताना कमी उतरली, तर बस गावात येणं बंद. ती हायवेवरूनच परत फिरेल.

चेणे कागदावर शहरात आहे. त्यामुळे कर शहराचा येतो आणि बस दिवसातून सहा वेळा, तीही तिच्या मनात असेल तर. हायवेपर्यंतचं अंतर गावातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं, कारण गाडीतून ते कळत नाही. शेवंतीला ठाऊक होतं. आठवड्यातून तीनदा सकाळी दहाला तिचं काशीमिऱ्याला डायलिसिस असे. पाय सुजलेले, चालायला डॉक्टरांची मनाई. उशीर झाला की मशीन पुढच्या पेशंटला.

योगेंद्र 'आपलं चेणे' ग्रुपचा अॅडमिन. त्याने मेसेज टाकला : "शेवंतीमावशीसाठी एक दिवस! सगळ्यांनी बसमध्ये बसायचं, काशीमिऱ्याला जायचं, त्याच बसने परत यायचं." खाली दोनशे अंगठे आले. गावात इतकी एकी याआधी जमीन मोजणीच्या वेळी दिसली होती, आणि तीही मोजणी हाणून पाडायला.

सोमवारी पावणेनऊच्या बसला गाव लोटलं. अकरा वर्षांत बसची पायरी न चढलेली माणसं गॉगल लावून आली. अंबिकाकाकू लग्नाला नेसायची साडी नेसून आल्या. गावातले दोन्ही रिक्षावाले, बंटी आणि जितेश, रिक्षा दारात उभ्या करून चढले. शेवंती पाय ओढत पोचली तेव्हा पायरीवरही जागा नव्हती.

"मौसी, जगह नहीं है," ड्रायव्हर म्हणाला.

"अरे, कुणीतरी एक जण उतरा. माझं दहाचं आहे."

आत सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"येक उतरला का दुसरा उतरंल," अंबिकाकाकू आतून म्हणाल्या. "मंग गावाची बस गेली."

"बंट्या, तू तरी रिक्षा काढ!"

"आज न्हाय मावशी! आज तुझ्या बसला सपोर्ट हाय!"

योगेंद्र दाराला लटकला होता. "मावशी, टेन्शन नको घेऊ. तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं."

बस गेली.

थांब्यावर साहिल उरला. कंत्राटावर मोजणी करणारा. त्याने फॉर्मवर बहात्तर लिहिले.

"मला धरलंत?" शेवंतीने विचारलं.

"तुम्ही चढला नाहीत."

"चढू दिलं नाही."

"त्याचा कॉलम नाहीये, मावशी."

सव्वानऊ झाले. शेवंती बाकावर बसून तोंडाने श्वास घेत होती. साहिलने वरच्या साहेबांना दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा त्या साहेबांची कॉलर ट्यून पूर्ण ऐकायला मिळाली.

"चला, स्कूटरवर सोडतो," तो म्हणाला.

"आणि बस परत आली की उतरणारे कोण मोजणार?"

"कोणी नाही. कोरी फेरी शून्य धरतात."

आज मशीन गाठलं तर बस जाणार. बस वाचवायची तर आजचं मशीन जाणार. धाप कालपासूनच लागत होती. शेवंती स्कूटरवर बसली.

हायवेच्या अलीकडे बस समोरून आली. अख्खं गाव खिडक्यांतून हात हलवत होतं. शेवंतीला गाडी मिळाली म्हणून सगळे खूश. योगेंद्रने अंगठा दाखवला. बस थांब्याकडे गेली, जिथे मोजायला कोणी नव्हतं.

"थांबवा," शेवंती म्हणाली. "फॉर्म काढा."

"इथे? मला तर वीस चेहरेही दिसले नाहीत."

"मला सगळे माहितीयेत. मी नावं सांगते, तुम्ही रेघा मारा. पस्तीस झाले की निघू."

"मावशी, साडेनऊ वाजून गेलेत. तुमचं मशीन…"

"योगेंद्र," शेवंतीने करंगळी दुमडली. "अंबिका. बंटी. जितेश. अंबिकाचे दोन दीर. काळूराम, त्याची जिजाबाई…"

साहिलने सीटवर फॉर्म टेकवला आणि रेघा मारू लागला. "जरा हळू सांगा."

"हळू सांगायला वेळ नाहीये," शेवंती म्हणाली, आणि पुढची नावं एका दमात घेतली, जेवढा दम उरला होता तेवढ्यात.