खालचे आवाज

आमच्या ह्यांना दुकानात सगळे कानसेन म्हणायचे. दुकान माझ्या थोरल्या भावाचं. टीव्ही, स्पीकर, होम थिएटर विकायचं काम दादाचं आणि घरोघरी जाऊन ते जोडून द्यायचं काम ह्यांचं. हे दारात पाऊल टाकतानाच म्हणायचे, "डावा स्पीकर उलटा जोडलाय," नाहीतर "कुठेतरी घरघर धरलीय," आणि ते खरं निघायचं. "तानसेन पुष्कळ सापडतील, कानसेन फक्त आमच्याकडे," असं दादा गिऱ्हाइकांना सांगायचा आणि तेवढ्या एका वाक्यावर दोन स्पीकर जास्तीचे खपवायचा.

मग ह्यांना दादाचं बोलणं ऐकू येईनासं झालं. माझं येत होतं. दादाने तीनदा हाक मारली तरी वळायचे नाहीत, आणि मी स्वयंपाकघरात स्वतःशी काही पुटपुटले की "काय म्हणालीस?" म्हणून हजर. खोटं कशाला बोलू, आधी मला बरंच वाटलं. बावीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला फक्त बायकोचंच ऐकू यावं, असं भाग्य कुणाच्या वाट्याला येतं! वहिनीला मी ते हसत हसत सांगितलंसुद्धा. पण एकदा आमचा फ्रिज बिघडला. सकाळपासून नुसता गुरगुरत होता, आणि हे त्याला पाठ टेकून पेपर वाचत बसले होते.

"अहो, ह्याचं काहीतरी करा ना," मी म्हटलं.

"कशाचं?"



कानाच्या डॉक्टरीणबाईंनी ह्यांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि मला आलेख दाखवला. माणसाचे कान बहुधा वरून जातात, बारीक आवाज आधी. ह्यांचे खालून चालले होते. शिट्टी, घंटी, बायकामुलांचं बोलणं शाबूत. पुरुषांचे जाड आवाज पुसट. आणि अगदी तळाचं, गुरगुर-घरघर, जवळजवळ काहीच नाही. "असं क्वचित होतं," त्या म्हणाल्या. "काम काय करतात?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दुकानात असतात."

परत येताना ह्यांनी विचारलं, "दादाला सांगू या?"

"इतक्यात कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

हे वाक्य माझं. पुढे जे झालं त्यात ते कुठेतरी आहेच, म्हणून आधीच सांगून ठेवते.

ह्यांनी मग एक युक्ती काढली. वूफर, म्हणजे तो जाड आवाजांचा चौकोनी खोका, चालू करायचा आणि त्याच्या पडद्यावर तळहात ठेवायचा. कानाला कळत नव्हतं ते हाताला कळायचं. आठ-दहा महिने निभावलं. गिऱ्हाइकांना वाटायचं, कारागिराची काहीतरी खास पद्धत असेल.

त्या सुमारास मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ दुकानात आले. सगळे त्यांना सर म्हणायचे. दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे, वयाने कान मंद झालेले, आणि लढाईच्या सिनेमांचा भारी नाद. "मला ऐकू कमी आलं तरी चालेल," ते दादाला म्हणाले, "पण तोफ उडाली की खुर्ची हलली पाहिजे." दादाने लगेच एकाच्या जागी दोन वूफर गळ्यात मारले, एक टीव्हीशेजारी आणि एक खुर्चीच्या मागे.

आता ज्या यंत्रातून सगळ्या स्पीकरना आवाज जातो, त्याला वूफरसाठी भोक एकच. मग स्प्लिटर केबल लावतात, एका टोकाला एक पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन. ह्यांनी एक फाटा पुढच्या वूफरला दिला आणि दुसऱ्याला लांब वायर जोडून ती भिंतीच्या कडेकडेने मागे नेली. पुढच्या वूफरला वीज टीव्हीच्या बोर्डावरून, मागच्याला मागच्या भिंतीवरच्या बोर्डावरून. असे दोन बोर्ड झाले आणि वूफर एकाच केबलने बांधले गेले की कधीकधी घरघर धरते, हे ह्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पूर्वी हे नुसते उभे राहून ऐकायचे. त्या दिवशी सिनेमा लावला, तोफ उडाली, हाताला धक्का बसला, खुर्ची हलली, सर लहान मुलासारखे टाळ्या पिटू लागले. सिनेमा बंद करून शांततेत एकदा हात ठेवायचा, ते राहून गेलं. वूफर आपोआप बंद-चालू होण्याचं बटण सरांना समजेना, म्हणून ह्यांनी ते कायम चालूवर ठेवलं, म्हणजे टीव्ही बंद असला तरी वूफर चालूच, आणि निघाले.

तीन आठवड्यांनी सरांचा फोन आला. खालच्या मजल्यावरची सिस्टर तक्रार घेऊन आली होती. ती एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स. रात्रपाळी करायची आणि दिवसा झोपायची. त्या दिवशी तिथे काय घडलं, ते ह्यांनी मला फार उशिरा सांगितलं.

सिस्टर सरांच्या खोलीत उभी होती, डोळे लाल. "दिवसभर एक आवाज येतो," ती म्हणाली. "घूंऽऽ असा. कानात बोटं घातली तर छातीत येतो. तीन आठवडे मला धड झोप नाही."

"टीव्ही तर बंद आहे," सर म्हणाले. "मला काही ऐकू येत नाही बुवा, पण माझ्या कानांवर कोण विश्वास ठेवणार? म्हणून ह्यांना बोलावलं. ह्यांच्यासारखा कान सगळ्या शहरात नाही."

तिघं गप्प उभे राहिले. ह्यांना घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मोरीतल्या नळाचं ठिबकणं आलं. खिडकीवर कबुतराने पंख झटकले तेही आलं. दुसरं काही नाही. वूफर चार पावलांवर, खुर्चीमागे होता. जाऊन हात ठेवायचा, एवढंच. पण दोघं ह्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि ज्याच्यासारखा कान शहरात नाही त्याने हाताने चाचपून बघावं, हे ह्यांच्याने झालं नाही.

"काही नाही," हे म्हणाले. "सगळं ठीक आहे."

"नक्की?"

"नक्की."

"मग माझ्याच डोक्यात असेल," सिस्टर म्हणाली. उगाच त्रास दिला म्हणून तिने माफी मागितली आणि ती खाली गेली.

घरी आल्यावर हे जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "सरांकडे गेलो होतो. काही नव्हतं." मीही खोदून विचारलं नाही.

पुढे महिन्याभराने सरांचा रिमोट बिघडला. आम्हाला दोघांना पुढे बाजारात जायचं होतं, म्हणून त्या रविवारी दुपारी मीही ह्यांच्याबरोबर गेले. पहिल्या मजल्यावर एक दार उघडं होतं आणि एक चाळिशीची बाई उंबऱ्यात उभी होती. ह्यांना बघून ती ओळखीचं हसली.

"बरं झालं, तुम्ही तेव्हा स्पष्ट सांगितलंत," ती म्हणाली. "मी कान तपासून घेतले, कान चांगले निघाले. मग त्या आवाजासाठी मनाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांच्या गोळ्या चालू आहेत."

"आवाज थांबला?" मी विचारलं. तोवर मला ही कोण, कुठला आवाज, काहीच माहीत नव्हतं.

"थांबला कुठला? पण तो खरा नाही, हे आता कळलंय ना." तिने सहज सांगावं तसं सांगितलं, "वॉर्डातून काढलंय मला. एका बाईला एकच इंजेक्शन दोनदा दिलं मी. पहिल्यांदा दिलेलं आठवेचना. चार दिवस अतिदक्षता विभागात होती ती. वाचली, नशीब माझं. आता चौकशी संपेपर्यंत कागदपत्रांच्या खोलीत बसवलंय."

ती बोलत होती आणि माझं लक्ष तिच्या बोलण्यावरून सुटत होतं. तिच्या मागच्या खोलीतून काहीतरी येत होतं. जाड, एकसारखं, न थांबणारं. आधी वाटलं, तिचा फ्रिज असेल. पण ते वरून येत होतं.

मी ह्यांच्या कोपराला हात लावला. "अहो, आवाज आहे."

 हे तडक जिना चढून वर गेले.

सिस्टरने माझं मनगट धरलं. "तुम्हाला येतोय?"

"हो."

"माझं मन राखायला म्हणू नका. कसा येतोय ते सांगा."

"घूं... असा. एका सुरात. तुमच्या पलंगाच्या वरून."

तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. आम्ही दोघी छताकडे बघत उभ्या राहिलो. आणि आवाज थांबला. भरल्या खोलीतून कुणीतरी एकदम उठून गेल्यासारखं झालं. सिस्टर उंबऱ्यावरच खाली बसली.

हे उतरून आले तेव्हा ह्यांच्या हातात ती केबल होती, दोन फाटे लोंबणारी. "वूफरची घरघर होती," हे म्हणाले. "हात ठेवल्यावर कळलं. मला... मला खालचे आवाज ऐकू येत नाहीत. वर्ष होऊन गेलं."

तिने ती केबल बघितली. मग म्हणाली, "तेव्हा 'मला ऐकू येत नाही' एवढंच म्हणायचं होतंत. 'काही नाही' का म्हणालात?"

ह्यांनी केबलचे दोन्ही फाटे मुठीत गोळा केले.

"इंजेक्शन मी दिलं," ती म्हणाली. "ते तुमच्यावर नाही ढकलत. पण मला ऐकू येत होतं हो. मी नीट होते. आणि महिनाभर मी वेड्यासारख्या गोळ्या गिळतेय."

"चूक माझीही आहे," मी म्हटलं. "मीच ह्यांना सांगितलं होतं, कुणाला बोलू नका म्हणून."

"तुमचं दोघांचं तुम्ही घरी बघा," ती म्हणाली आणि उठून तिने दार लावून घेतलं.

त्याच संध्याकाळी हे दुकानात गेले आणि दादाला सगळं सांगितलं. मी सोबत होते. दादा संतापला. इतके दिवस कुणाकुणाकडे काय काय जोडून ठेवलंत, दुकानाचं नाव घालवलंत, भावजी, माणसाने काहीतरी लाज ठेवावी! तो ओरडत होता आणि ह्यांना ते धड पोचत नव्हतं. "काय म्हणतोय?" हे मला विचारायचे. मग दादाचं एकेक वाक्य मी ह्यांना हळू आवाजात पुन्हा सांगत होते. शेवटी दादाच म्हणाला, "राहू दे गं," आणि आत निघून गेला.

हॉस्पिटलच्या चौकशी समितीला ह्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. आवाज खरा होता, तो माझ्या कामामुळे होता, आणि मी खोटं सांगितलं, असं सगळं त्यात होतं. डॉक्टरीणबाईंचा आलेखही जोडला होता. पत्र घेतलं गेलं, त्यावर शिक्का बसला. दीड महिन्याने निकाल लागला. झोप होत नव्हती तर परिचारिकेने रजा मागायला हवी होती, असं ठरलं. सिस्टर वॉर्डात परत गेली नाही.

सरांनी दोन्ही वूफर दुकानात आणून दिले आणि ह्यांच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. दादाने ह्यांना काढलं मात्र नाही. बहिणीचा नवरा, काढणार कसा? मागच्या खोलीत बसून हे आता केबलना पिना जोडतात. काम चोख आहे. फक्त कुणी ह्यांना कानसेन म्हणत नाही.

गेल्या महिन्यात उजवा कान आणखी उतरला, म्हणून डॉक्टरीणबाईंनी आम्हाला त्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. नवी फाइल काढायला कागदपत्रांच्या खोलीच्या खिडकीपाशी रांग होती. खिडकीत सिस्टर होती. तिने आम्हाला ओळखलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. चिठ्ठी घेतली, आत जाऊन फाइल आणली, सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.

सही करून झाल्यावर हे तिथेच रेंगाळले. "सिस्टर, आता झोप लागते का?"

"लागते," ती म्हणाली. "इथे दिवसाचंच काम असतं." मग ह्यांना ऐकू जावं म्हणून की काय, जरा चढ्या आवाजात म्हणाली, "पण मला वॉर्डच आवडायचा."

ह्यांनी मान खाली घातली. मी फाइल उचलली. आमच्या मागचा माणूस पुढे सरकला.