सोन्याआडचा उजेड

"दार लावलास तर धूर कुठं जायाचा गो?" चुलीतली लाकडं मागे ओढत महादूने विचारलं.

"चूल इझव ना, बा. जरासाच टाइम. अंधार पायजे."

बाहेर टळटळीत दुपार होती आणि अंजू कुडाच्या फटींत चिंध्या कोंबत होती. सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या वाडीत तिला सगळे मास्तरीण म्हणत. शहापूरच्या कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकवायची आणि सुट्टी मिळाली की मुंबईच्या प्रयोगशाळेत जाऊन बसायची. तिथे काय चालतं, हे वाडीच्या भाषेत सांगायला तिलाच शब्द सापडत नसत.

काम सिलिकॉनचं होतं. एरवी या पदार्थातून वीज गेली तरी उजेड पडत नाही. पण आम्लात ठेवून त्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं पाडली, की तो मंद नारिंगी चमकू शकतो. मात्र त्यात वीज सोडायची तर वरून धातूचा थर द्यावा लागतो, आणि तिथेच अंजूची उमेदीची वर्षं गेली. ॲल्युमिनियमने उजेडच येईना. सोन्याचा थर जाड झाला की उजेड त्याखालीच अडकायचा. पातळ केला की उजेड बाहेर यायचा, पण क्षणभरच. थर कुठेतरी जळायचा आणि सगळं विझायचं.

बरोबरचे एकेक जण दुसऱ्या विषयांकडे वळले. परदेशात वेगळ्याच पदार्थाचे झगझगीत निळे दिवे निघाले होते. तिचे मार्गदर्शक सर निवृत्त होताना म्हणाले, "अंजू, पुरे आता. आहे तेवढ्यावर प्रबंध लिहून टाक." तिने मान डोलावली आणि पुढच्या रविवारी पुन्हा जाऊन बसली.

अशाच एका रविवारी थर जमला. उजेड आला, आणि राहिला. तिने भराभर आकडे घेतले, मग मागे वळून पाहिलं. टेबलांवर स्टुलं उलटी ठेवलेली होती. सरांच्या घरी फोन लावला, तर सर गावाला गेले होते. आणखी कुणाचा नंबर फिरवावा, हे तिला सुचेना. तिने रिसीव्हर खाली ठेवला.

मग तो नखाएवढा तुकडा तिने कापसात गुंडाळून डबीत घातला, आणि मुरबाडहून वाडीकडे जाणारी एसटी पकडली.

"पावसाळी रानात कुजका लाकूड उजेडतो, तसा काय?" महादू अंधारात पाटावर बसत म्हणाला.

"तसाच, बा. पन ह्यो मी केलाय."

तिने चाचपडत बॅटऱ्यांच्या तारा जोडल्या. दोघं वाट पाहत बसली. अंधाराला डोळे सरावले, चुलीची कड दिसू लागली, महादूचं मुंडासं दिसू लागलं. उजेड मात्र आला नाही. तिने तारेचं टोक जरा सरकवलं, पुन्हा सरकवलं. मग तिला कळलं. वाटेतल्या धक्क्यांनी सोन्याचा थर खरवडून निघाला होता.

"लागला काय?" महादूने विचारलं. "माजं डोळं म्हातारं. मना नाय दिसं."

लागला म्हटलं असतं, तरी त्याने मान्य केलं असतं.

"नाय, बा. बिघाडला तो."

"दुसरा करशील?"

"करीन. पन तो बघाया कोन येनार?" असं म्हणून ती दार उघडायला उठली.

"बस गो," महादू म्हणाला. "तिकडं लागलेला तवा कसा दिसत व्हता, त्या सांग."

अंजू पुन्हा खाली बसली. मग निखाऱ्यावर राख चढल्यावर आतून जो रंग दिसतो, त्यापासून तिने सुरुवात केली.

"मंग?" महादू म्हणाला.

बाहेरून कुणीतरी त्याला हाका मारत होतं. त्याने ओ दिली नाही.