योग्य चौकटीत खूण करा

त्या दिवशी एल्वी रौतिओला कुणी विचारलं असतं, की बाई, तुला नेमकं काय हवंय, तर ती म्हणाली असती, बसायला खुर्ची. गाड्यांची मालकी नोंदवणाऱ्या टायटल ऑफिसातल्या सहाही खुर्च्या भरल्या होत्या. हातात एकोणसत्तर नंबरचा कागद धरून ती भिंतीला टेकून उभी होती, आणि बुटांबरोबर आलेला बर्फ वितळून मोज्यांत झिरपत होता. शेजारी वेड कोस्केला उभा होता. पाच तास गाडी हाकून आलेला, डोळे लाल, दाढीचे खुंट वाढलेले. कारखान्यातून त्याला हा एकच दिवस सुट्टी मिळाली होती.

एल्वीची ही तिसरी खेप. भानगड तशी साधी होती, म्हणजे सुरुवातीला वाटली तरी होती. वेड मोटारींच्या कारखान्यात कामाला. कामगारांना गाडी लीजवर स्वस्तात मिळते, म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच्या नावावर एक गाडी घेतली आणि किल्ली एल्वीच्या हातात ठेवली. हप्ते तीच भरायची. रोज पाच-सहा घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची, औषधं द्यायची, हे तिचं काम. त्या गावात गाडी नाही तर काम नाही. लीज संपली तेव्हा तिनं ठरवलं, हीच गाडी विकत घ्यायची. पैसे साठवले होतेच.

पण लीज कंपनीनं कळवलं, गाडी विकू ती लीजवाल्यालाच, तिसऱ्या माणसाला नाही. म्हणून आधी वेडनं घेतली. विक्रीकर भरला, तोही एल्वीच्याच पैशांनी. मग मालकीचा कागद, म्हणजे ते टायटल, पोस्टानं यायला दीड महिना लागला, आणि आलं ते वेडच्या जुन्या पत्त्यावर. तिथं त्याचा बाप रैनो राहतो. रैनोनं ते पाकीट अकरा दिवस फ्रिजवर ठेवलं आणि विचारल्यावर म्हणाला, "मला वाटलं जाहिरात आहे." आता गाडी एल्वीच्या नावावर करायला हाती उरला होता आजचा दिवस. संध्याकाळी गाडीचा तात्पुरता परवाना संपत होता, आणि उद्या सकाळी सातला एल्वीला पहिल्या घरी पोचायचं होतं.

"खाल्लंस का काही?" एल्वीनं विचारलं.

"खाल्लं."

"काय?"

"कॉफी."

"कॉफी खातात होय? पिशवीत मांस-कांदा भरलेली पेस्टी आहे, घे."

"इथं? सगळ्या ऑफिसात कांद्याचा वास सुटेल, एल्वी. हाकलून देतील."

तो तिला एल्वीच म्हणायचा. ती रैनोशी लग्न करून त्या घरात आली तेव्हा पोर सात वर्षांचं होतं, आणि रैनोनं पहिल्याच दिवशी त्याला बजावलं होतं, तुझी आई दफनभूमीत आहे, ही एल्वी. मग एल्वी ती एल्वीच राहिली. गोवरात रात्री जागली ती एल्वी, शाळेत भांडायला गेली ती एल्वी. त्या मुलखात फिनलंडहून आलेल्या आजोबा-पणजोबांची नातवंडं राहतात. मायेचा शब्द तोंडातून काढायचा म्हणजे त्यांना दाढ उपटल्यासारखं होतं. नऊ वर्षांपूर्वी ती रैनोपासून वेगळी झाली, तेव्हाही वेडनं काही म्हटलं नव्हतं. फक्त येऊन तिचं सामान उचलून दिलं होतं.

"एकोणसत्तर!"

काचेपलीकडे ट्रुडेलबाई होत्या. दोन्ही खेपांना त्यांनीच एल्वीला परत पाठवलं होतं, पहिल्यांदा वेडची सही नाही म्हणून, दुसऱ्यांदा सहीवाला हजर नाही म्हणून.

"आज आणलात तर गाडीवाल्याला," त्या म्हणाल्या.

"बांधून आणलंय," एल्वी म्हणाली.

वेडनं पाकिटातून कागद काढून आत सरकवले. टायटल, विम्याचा कागद, आणि घरी भरून आणलेला बक्षीसपत्राचा फॉर्म. जवळच्या नात्यात गाडी बक्षीस दिली तर दुसऱ्यांदा विक्रीकर लागत नाही, एवढं एल्वीला फोनवर कळलं होतं. फॉर्म वेडनंच भरला होता, तिनं तो पाहिलाही नव्हता.

ट्रुडेलबाईंनी चष्मा खाली ओढला. "कोस्केला, आणि घेणार रौतिओ. आडनावं वेगळी कशी?"

"तिनं लग्नाआधीचं परत लावलंय," वेड म्हणाला.

"बरं." बाईंनी शिक्का उचलला. "खाली शपथेवर सही केलीत ना? हं."

एल्वीनं 'शपथेवर' हा शब्द ऐकला आणि ती काचेजवळ सरकली. दुकानदारानं चुकून पन्नास सेंट जास्त दिले तर बर्फातून परत जाणारी ही बाई. पोराच्या नावावर खोटी शपथ चढतेय हे तिला उभ्या जन्मात सोसलं नसतं.

"मी त्याची सख्खी आई नाही," ती म्हणाली. "सावत्र. आणि तीही होते. नऊ वर्षांपूर्वी घटस्फोट झालाय."

शिक्का हवेतच राहिला. मग ट्रुडेलबाईंनी तो हळूच खाली ठेवला.

"अहो बाई," त्या दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "मी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग? आता कानावर आलं ना माझ्या. लग्न मोडलं की सावत्र नातंही मोडतं, असा नियम आहे. कागदोपत्री तुम्ही याच्या कुणी लागत नाही. बक्षीस चालणार नाही. बाजारभाव चौदा हजार, सहा टक्क्यांनी आठशे चाळीस डॉलर."

"एकाच गाडीवर दोनदा टॅक्स?" वेड म्हणाला.

"मालक दोन, टॅक्स दोन."

वेड एल्वीकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते. "तुला तोंड उघडायची काही गरज होती? दोन मिनिटं! दोन मिनिटं गप्प बसता येत नाही तुला?"

"तू शपथेवर सही केली होतीस, वेड. उद्या कुणी हे उकरून काढलं असतं तर?"

"कोण काढणार होतं? सगळ्या राज्यात एकच माणूस होता काढणारा, आणि तो माझ्या शेजारी उभा होता!"

मागे कुणीतरी हसलं. एल्वीनं चेकबुक काढलं. भरायचेच तर भरून मोकळं व्हावं, घरी जावं, पाय कोमट पाण्यात सोडावेत, एवढंच तिच्या मनात होतं. ट्रुडेलबाईंनी लाल पेन घेतलं आणि फॉर्मवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. मारता मारता थांबल्या.

"तुम्ही खूणही चुकीच्या चौकटीत केलीये," त्या वेडला म्हणाल्या. "ही 'आई'ची. 'सावत्र आई'ची खाली वेगळी आहे की. टॅक्स दोन्हीला शून्यच."

"माहीत होतं," वेड म्हणाला.

"मग?"

"वाचता येतं मला," तो म्हणाला, आणि वळून पार्किंगकडे बघत राहिला.

एल्वीचं पेन आठशेच्या पुढं सरकेना. आपण काय केलं हे तिला आत्ता कळलं. तिला टॅक्सचं काही वाटलं नाही. सव्वीस वर्षांत या पोरानं जे तोंडानं म्हटलं नव्हतं ते कागदावर लिहून, खाली सही करून आणलं होतं, आणि तिनं काउंटरवर उभं राहून ते खोटं पाडलं होतं. तिला मनापासून रडू आलं. पण रडली नाही, तिथं तशी पद्धत नाही. तिनं चेक पुरा केला आणि सरकवला.

ट्रुडेलबाईंनी टायटलवर शिक्का मारला, पावती दिली, आणि रद्द झालेला फॉर्म कागद फाडायच्या यंत्राकडे नेला.

"तो मला द्या," एल्वी म्हणाली.

"रद्द झालेला कागद बाहेर देत नाहीत."

दोन खेपा एल्वी 'बरं' म्हणून मुकाट्यानं परत गेली होती. आता तिनं काचेखालच्या फटीत हात घातला आणि तळवा उघडा ठेवला.

"नियम असेल," ती म्हणाली. "मी हलणार नाही."

मागची रांग कुरकुरायला लागली. वेड म्हणाला, "एल्वी, सोड ना, चल." ती हलली नाही. ट्रुडेलबाईंनी रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि कागद तिच्या हातावर ठेवला.

"सत्तर!" त्या ओरडल्या.