मोटारीची किल्ली

माझा स्वभाव फुशारकीचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. १९९९ साली आमच्या हर्षदाला दहावीला एक्क्याऐंशी टक्के पडले आणि मांडवगण फराट्याच्या पारावर मी जाहीर केलं, की माझी मुलगी पुण्याला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करणार. लोक म्हणाले, हनुमंता, तिला आर्ट्सला घाल, मग डी.एड. कर, नोकरी लागली की स्थळं दारात येतील. मी म्हणालो, बाई मास्तर पायलीला पन्नास झाल्यात, मला पाण्याची मोटार दुरुस्त करणारी पाहिजे.

हा नाद मला रांजणगावात लागला. तिथे कारखाने उभे राहत होते तेव्हा मी कारेगावात खोली घेऊन सहा महिने कामाला होतो. एकदा एक मशीन बंद पडलं, तर पिवळं हेल्मेट घातलेली एक बाई आली. तिने मेन स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि मग पॅनेल उघडलं. साहेब लोक घड्याळ बघत ताटकळले, पण काम होईपर्यंत तिने किल्ली कोणाला दिली नाही. ही गोष्ट मी घरी इतक्या वेळा सांगितली, की माझी बायको वच्छला म्हणाली, त्या बाईला एकदा जेवायलाच बोलवा.

भीमेवर आमची पाच जणांची सामाईक मोटार आहे. ज्याची पाण्याची पाळी, त्याच्याकडे मोटारीच्या खोलीची किल्ली. पाळी संपली की ती पुढच्या गड्याच्या हातात. बाईच्या हातात ती कधी गेली नव्हती आणि त्यात काही वावगं आहे असं मलाही वाटलं नव्हतं. आमची दुसरी खोड याहून वाईट. स्टार्टर ट्रिप व्हायला, म्हणजे आपोआप बंद पडायला लागला, की त्याचं बटण दाबून तिथे बाभळीची काडी ठोकायची. मग मोटार बंद पडत नाही. सरळ जळते.

आदल्या वर्षी ती दोनदा जळाली. शिरूरला मारुतराव वायंडिंगवाल्याकडे नेली तेव्हा हर्षदा सोबत होती. दोन दिवस ती त्याच्या शेजारी बसून तारेचे वेढे मोजत होती. परत येताना एसटीत तिने मला समजावलं, की स्टार्टर ट्रिप होतो तो मोटारीला वाचवायला, काडी ठोकणं म्हणजे राखणदाराचं तोंड बांधणं. पारावर हे वाक्य मी माझं म्हणून खपवलं.

डिप्लोम्याचा फॉर्म सोमवारी भरायचा होता. त्याआधीच्या गुरुवारी आमच्या पाळीत स्टार्टर ट्रिप झाला. हर्षदा टेस्टर घेऊन धावत आली. मी म्हणालो, "तू सरक बाजूला, करंट हाय." आणि तिच्या डोळ्यांदेखत स्वतः काडी ठोकली. मोटार तापून वास यायला लागला. तेवढ्यात लाईट गेली, म्हणून वाचली.

संध्याकाळी तिने कोरा फॉर्म माझ्यापुढे ठेवला आणि आर्ट्सला जाते म्हणाली. मी भडकलो. गावभर सांगून बसलोय, आता तोंड कुठे लपवू, असं बरंच बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आप्पा, घरच्या मोटारीला तुम्ही मला हात लावू देत न्हाई. तुमचाच भरवसा न्हाई, तर दुसऱ्या कुणाचा बसंल?"

वच्छला भाकरी थापता थापता म्हणाली, की घरातला बल्ब गेला तरी तुम्ही पुतण्याला हाक मारता. बाजेवर माझे वडील, म्हस्कूआबा पडले होते. आयुष्य मेंढरांमागे गेलेला माणूस, फार बोलत नाही.

"तू नऊ वर्षांचा हुतास तवा तुझ्यावर मेंढरं सोपवली. दोन हरवलीस. दुसऱ्या दिशी परत तुलाच धाडला व्हता का न्हाई?"

मी रात्रभर विचार केला असं म्हणणार नाही, मला झोप चांगली लागते. पण सकाळी एक गोष्ट स्वतःशी कबूल केली. करंटची भीती थोडीच होती. पोरीचं चुकलं तर लोक मला हसतील, ही भीती मोठी होती.

शनिवारी पाळी बापूसाहेबांची. ते माजी सरपंच, साठ एकर ऊस, गावात त्यांना कोणी नाही म्हणत नाही. मोटार दर दहा मिनिटांनी बंद पडत होती. मी हर्षदाला घेऊन गेलो तर ते काडी तासत बसले होते. मी म्हणालो, किल्ली द्या, पोरगी बघेल. त्यांनी हसत दिली.

हर्षदाने मेन स्विच पाडला. दाराचं कुलूप काढून स्विचला घातलं, किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली. बल्ब लावून करंट नसल्याची खात्री केली आणि स्टार्टर उघडला. माझा हात सारखा पुढे जात होता, म्हणून मी दोन्ही तळहात बुडाखाली दाबून बसलो.

पंधरा मिनिटं गेली. बापूसाहेबांचं हसू संपलं.

"पोरी, ऊस वाळतोय माझा. आण ती किल्ली."

"काम झाल्याशिवाय न्हाई मिळायची, काका."

बापूसाहेबांनी तिच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. तिचा हात थांबला होता. ती बापूसाहेबांची नाही, माझी वाट बघत होती.

"ती देईल तवा," मी म्हणालो.

जन्मात मी इतकं कमी कधी बोललो नव्हतो.

एका वायरचं टोक जळून ढिलं झालेलं निघालं. मोटार तीनऐवजी दोन फेजवर धापा टाकत होती. हर्षदाने वायर कापली, तासली, घट्ट बसवली, ओढणीला बांधलेल्या किल्लीनेच स्विचचं कुलूप काढलं आणि मोटार सुरू केली. अर्धा तास ती मोटारीच्या अंगावर हात ठेवून उभी राहिली. ट्रिप झाली नाही. मग तिने ओढणीची गाठ सोडली आणि किल्ली बापूसाहेबांना दिली, कारण पाळी त्यांची होती. त्यांनी तासलेली काडी नदीकडे फेकली.

"हनुमंता, हिला आर्ट्सला घालू नगंस," एवढंच म्हणाले.

सोमवारी आम्ही पुण्याला जाऊन फॉर्म भरला. पारावर मी काय काय सांगितलं ते इथे सांगत नाही.

दिवाळी झाल्यावर आमच्या पाळीत मोटार पुन्हा ट्रिप झाली. हर्षदा हॉस्टेलवर होती. किल्ली हातात धरून मी नुसता उभा होतो. वच्छला जेवण घेऊन आली, तिने पाटी खाली ठेवली आणि किल्लीसाठी हात पुढे केला. सुट्टीत लेकीने तिला सगळं शिकवलं होतं, मला पत्ताही नव्हता.

माझ्या तोंडातून सवयीने शब्द निघणार होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "तुम्ही सरका बाजूला, करंट हाय."

मी सरकलो.